स्वातंत्र्यावरचे जुने ग्रंथ: वाचायचे कसे आणि आजच्या राजकारणाला लावायचे कसे

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याचं एखादं वाक्य आजच्या भांडणात आपल्या बाजूनं उभं करणं सोपं आहे. अवघड आहे ते मिलच्या युक्तिवादाला आपल्याच बाजूची उलटतपासणी करू देणं, आणि हे ग्रंथ वाचायचे ते त्यासाठीच. पुढची पद्धत एकट्यानं वाचणाऱ्यालाही जमेल. त्यासाठी तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. एक वही, आठवड्याचे चार-पाच तास आणि एक नेमका प्रश्न एवढं मात्र लागतं.

आधी प्रश्न, मग पुस्तक

"मला स्वातंत्र्य समजून घ्यायचंय" एवढ्या बळावर कोणताच ग्रंथ शेवटपर्यंत वाचून होत नाही. प्रश्न आजच्या राजकारणातला आणि आवाक्यातला हवा. सरकारनं एखाद्या भागातलं इंटरनेट बंद करावं का? संकटकाळात दिलेले जादा अधिकार कोणी आणि कधी काढून घ्यायचे? बहुमतानं मंजूर झालेला कायदा जुलमी असू शकतो का?

प्रश्न ठरला की त्याचे तीन कप्पे करा: स्वातंत्र्य कोणाचं, कोणाच्या किंवा कशाच्या अडथळ्यापासून, आणि काय करण्याचं. ही मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ जेराल्ड मॅकॅलम यांनी १९६७ मध्ये केली. ती फार कामाची आहे, कारण पुष्कळ राजकीय वाद दोन बाजूंनी वेगवेगळे कप्पे भरल्यामुळेच पेटतात. भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा घ्या. एक बाजू भरते: घरमालकाचं, सरकारी हस्तक्षेपापासून, स्वतःची मालमत्ता हवी तशी वापरण्याचं. दुसरी भरते: भाडेकरूचं, मालकाच्या लहरीपासून, घरात निर्धास्त राहण्याचं. कप्पे कागदावर उतरवले की भांडण नेमकं कुठं आहे ते दिसतं. मग त्या जागेसाठी कोणतं पुस्तक उघडायचं हेही कळतं.

प्रश्न अभिव्यक्तीचा असेल तर मिलच्या १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'चं दुसरं प्रकरण आणि तिसऱ्याची पहिली काही पानं घ्या. जोडीला मिल्टनचं १६४४ चं 'अॅरिओपॅजिटिका' असू द्या. सत्तेच्या मर्यादांसाठी लॉकच्या 'सेकंड ट्रीटिज'ची ४, ११, १४, १८ आणि १९ ही प्रकरणं, मॉन्टेस्क्यूच्या १७४८ च्या 'स्पिरिट ऑफ द लॉज'चा अकरावा भाग आणि अमेरिकी संविधानाच्या बाजूनं लिहिलेल्या 'फेडरलिस्ट'मधले १० व ५१ क्रमांकांचे निबंध पुरतात. नागरिकांच्या सहभागाचा किंवा उदासीनतेचा प्रश्न असेल तर फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंटचं प्राचीन आणि आधुनिक स्वातंत्र्यावरचं १८१९ चं पॅरिसमधलं व्याख्यान आणि टॉकव्हिलच्या 'डेमॉक्रसी इन अमेरिका'च्या दुसऱ्या खंडाचा (१८४०) शेवटचा भाग. स्वातंत्र्याच्या गप्पांतून ज्यांना वगळलं गेलं त्यांच्या बाजूनं विचार करायचा असेल तर मेरी वुलस्टनक्राफ्टचा स्त्रियांच्या हक्कांवरचा १७९२ चा ग्रंथ आणि गुलामगिरीतून निसटलेले अमेरिकी वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं भाषण वाचायलाच हवं.

अगदी पहिल्यांदा वाचत असाल तर कॉन्स्टंटपासून सुरुवात करा. व्याख्यान एका बैठकीत संपतं आणि पुढच्या सगळ्या वाचनाचा नकाशा हातात येतो: प्राचीनांचं स्वातंत्र्य म्हणजे सार्वजनिक निर्णयात थेट वाटा, आधुनिकांचं म्हणजे खासगी आयुष्यात मोकळीक आणि कायद्याचं छत्र. शेवटची पानं मात्र सोडू नका. कॉन्स्टंटला फक्त खासगी स्वातंत्र्याचा वकील ठरवणाऱ्यांनी तीच सोडलेली असतात. आपापल्या सुखात गुंतून माणसं राजकीय सत्तेतला आपला वाटा फार सहज सोडून देतील, हा धोका तो तिथं स्पष्ट सांगतो आणि दोन्ही स्वातंत्र्यं जोडायला हवीत असं म्हणतो.

रूसोला पहिल्याच फेरीत हात घालू नये. त्याची 'सार्वत्रिक इच्छा' (सगळ्यांच्या सामाईक हिताकडे पाहणारी इच्छा) म्हणजे बहुमत असं समजून वाचलं की 'सोशल कॉन्ट्रॅक्ट'चं प्रत्येक पान उलटं लागतं.

तीन फेऱ्यांचं वाचन

पहिली फेरी वेगात करा. टिपणं काढू नका, अडलेल्या शब्दावर थांबू नका. लेखकाला काय नको आहे, एवढंच शोधा. जुनी इंग्रजी जड जात असेल तर जोनाथन बेनेट यांनी सोप्या इंग्रजीत उतरवलेल्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत मिळतात. लॉक आणि मिल दोघंही तिथं आहेत. त्या फक्त या फेरीसाठी वापरा. उतारा द्यायचा असेल तेव्हा मूळ पाठच उघडा, कारण सोपं करताना वाक्यांची कलाटणी बदललेली असते.

दुसरी फेरी संथ. एका बैठकीत आठ-दहा पानं, त्याहून जास्त नको. प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य मराठीत, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. मिलचा एकेक परिच्छेद दोन-तीन पानं चालतो, त्याचे आधी पेन्सिलीनं तुकडे पाडा. मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं तर समजल्याचा भास होतो. मराठीत सांगताना जिथं अडखळाल तिथं समजलेलं नसतं. संदर्भ लिहिताना पृष्ठांक टाळा, कारण आवृत्तीगणिक तो बदलतो. लॉकसाठी परिच्छेद क्रमांक, मॉन्टेस्क्यूसाठी भाग आणि प्रकरण, फेडरलिस्टसाठी निबंध क्रमांक लिहिला की कोणत्याही आवृत्तीत जागा सापडते.

तिसऱ्या फेरीत युक्तिवादाचा सांगाडा काढायचा: दावा, कारण, आक्षेप, उत्तर. आपल्याकडच्या शास्त्रीय वादात पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनं मांडतात आणि मग त्याचं खंडन करतात. मिल नेमकं तेच करतो आणि तिथंच नवखा वाचक फसतो. दुसऱ्या प्रकरणात विरोधकाचं म्हणणं तो इतकं नेटकं मांडतो की तेच त्याचं मत वाटतं, आणि लोक ते त्याच्या नावावर खपवतातही. म्हणून समासात दोनच खुणा ठेवा: विरोधक बोलत असेल तिथं 'पू', लेखक स्वतः बोलत असेल तिथं 'उ'. "असं म्हटलं जाईल की" किंवा "आक्षेप घेतला जाईल" अशा अर्थाचं वाक्य आलं की 'पू' सुरू झाला असं धरा.

सांगाडा पुरा झाल्याची परीक्षा सोपी आहे. पुस्तक मिटून दुसऱ्या प्रकरणाचा युक्तिवाद सांगता आला पाहिजे: दाबलेलं मत खरं असू शकतं, आणि ते दाबणारा स्वतःला अचूक समजतो; ते चुकीचं असलं तरी त्यात सत्याचा अंश असू शकतो; आणि रूढ मत पूर्ण खरं असलं तरी त्याला कोणी आव्हान दिलं नाही तर ते कारणांशिवाय पाठ केलेला समज होतं, हळूहळू त्याचा अर्थच झिजून जातो. यातली एखादी पायरी आठवली नाही तर तेवढीच पानं पुन्हा वाचा.

लेखक कोणाशी भांडतोय, आणि कोणाला बाहेर ठेवतोय

प्रत्येक अभिजात ग्रंथाला एक प्रतिस्पर्धी असतो. तो कळला की अर्ध्या गाठी सुटतात. लॉक लिहितो ते रॉबर्ट फिल्मरच्या विरोधात. राजाची सत्ता म्हणजे बापाची सत्ता, असं सांगणारा फिल्मरचा ग्रंथ १६८० मध्ये छापला गेला होता. मिल्टनचा रोख इंग्लंडच्या संसदेच्या १६४३ च्या परवाना आदेशावर आहे. तो छापण्यापूर्वीच्या परवानगीला विरोध करतो. छापल्यानंतर शिक्षा होऊच नये असं तो म्हणत नाही. हा फरक न पाहता त्याला आजच्या निर्बंधमुक्त अभिव्यक्तीचा पुरस्कर्ता म्हणणं चूक आहे. लिहिल्याचा काळही तपासा. लॉकचं पुस्तक १६८९ मध्ये आलं, म्हणून ते इंग्लंडमध्ये १६८८ ला झालेल्या क्रांतीचं समर्थन समजलं जाई. इतिहासकार पीटर लास्लेट यांनी १९६० च्या आवृत्तीत दाखवलं की त्याचा बराचसा भाग १६८८ च्या काही वर्षं आधीच लिहिला गेला होता. म्हणजे जुलमी राजाविरुद्ध उठण्याचा अधिकार लॉकनं लिहिला तेव्हा तो जिवावरचा धोका होता.

आता वगळलेल्यांची यादी करा. लॉकची सहिष्णुता नास्तिकांना लागू नाही. मिल्टनची कॅथलिकांना लागू नाही. मिल पहिल्याच प्रकरणात म्हणतो की स्वातंत्र्याचं तत्त्व (फक्त दुसऱ्याची हानी टाळण्यासाठीच कोणावर सक्ती करावी) मुलांना लागू नाही आणि 'मागासलेल्या' समाजांनाही नाही; अशा समाजांत, सुधारणा घडवायची असेल तर, हुकूमशाही हा राज्य करण्याचा योग्य मार्ग आहे. हे लिहिणारा माणूस १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता.

इथं वाचक दोनपैकी एक करतात. वगळणुकीकडे डोळेझाक करतात, किंवा तिच्यामुळं ग्रंथच फेकून देतात. दोन्ही वाटांनी हाती काही लागत नाही. त्याऐवजी वगळण्याचं कारण शोधा आणि ते ग्रंथाच्या मुख्य तत्त्वाशी ताडून पाहा. लॉकचं कारण असं की देव न मानणाऱ्याला शपथ आणि वचन बांधू शकत नाही. ही माणसांच्या वागण्याविषयीची एक समजूत आहे. ती खोटी ठरली की वगळणूक गळून पडते आणि तत्त्व शाबूत राहतं. मिलचं प्रकरण जास्त खोल जातं. एखादा समाज चर्चेनं सुधारण्याइतका प्रौढ झाला की नाही, हे ठरवणार कोण? राज्यकर्ताच. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं स्वतःला अचूक समजावं, ही दुसऱ्या प्रकरणात मोडून काढलेली गोष्ट मिल पहिल्या प्रकरणात साम्राज्याला बहाल करतो. मिलला मिलनंच उत्तर देता येतं, आणि ते उत्तर आजही लागू पडतं. "जनता अजून तयार नाही" असं कोणतंही सरकार म्हणतं तेव्हा हेच दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत.

डग्लस यांनी १८५२ मध्ये हेच केलं. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं तत्त्व हातात घेऊन त्यांनी गुलामगिरी पोसणाऱ्या देशाला जाब विचारला. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत मिलचा आधार घेतला तोही निवडून: कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, हा इशारा त्यांनी नव्या लोकशाहीला दिला. जुना ग्रंथ नव्या जागी कसा लावतात हे शिकायचं असेल तर ही दोन भाषणं मन लावून वाचावीत.

उताऱ्याची शहानिशा

कोणतंही वाक्य वापरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: ते त्या लेखकाचं आहे का, कोणत्या प्रसंगी लिहिलं, आणि पुढचं-मागचं वाक्य काय. "तुझं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे व्हॉल्टेअरचं नाही. एव्हलिन बीअट्रिस हॉल यांनी १९०६ मध्ये व्हॉल्टेअरच्या वृत्तीचं वर्णन म्हणून ते लिहिलं. थोड्याशा तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी मूलभूत स्वातंत्र्य सोडणाऱ्यांविषयीचं बेंजामिन फ्रँकलिनचं वाक्य खरंच त्याचं आहे, आज ते सरकारी पाळतीविरुद्ध वापरलं जातं. पण १७५५ मध्ये पेनसिल्व्हेनियात वाद होता तो सरहद्दीच्या संरक्षणासाठी, वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याच्या जमिनींवर कर लावण्याचा, आणि फ्रँकलिन विधिमंडळाच्या अधिकारासाठी लिहीत होता. पाळतीविरुद्ध भक्कम युक्तिवाद आहेत. ते स्वतंत्रपणे मांडावेत, या वाक्याच्या खांद्यावर ठेवू नयेत.

लावून पाहणं: धान्यव्यापाऱ्याचं दार

तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला मिल एक उदाहरण देतो. "धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात" हे मत वर्तमानपत्रात छापून पसरवलं तर त्याला हात लावू नये. पण धान्यव्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या चिडलेल्या जमावापुढं तेच मत बोललं, किंवा त्या जमावात फलक म्हणून वाटलं, तर शिक्षा न्याय्य ठरू शकते.

आता वहीत दोन रकाने करा: मिलच्या प्रसंगात काय आहे आणि आजच्या प्रसंगात काय आहे. मिलच्या रकान्यात चार गोष्टी येतात. जमाव आधीच जमलेला आणि भडकलेला आहे. लक्ष्य ठरलेलं आणि हाताच्या अंतरावर आहे. बोलणं आणि कृती यांच्यामध्ये उत्तर द्यायला वेळ नाही. मत दोन्हीकडे तेच आहे. फलकाचा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवा. तोंडी की लेखी हा मिलचा निकष नाही, निकष परिस्थितीचा आहे.

दुसऱ्या रकान्यात असा प्रसंग घ्या: साठेबाजीचा आरोप करणारा संदेश मोबाइलवर फिरतोय. कोणीतरी तो लेख म्हणून प्रसिद्ध केला तर तो मिलच्या वर्तमानपत्रात बसतो. त्याच संदेशात एका दुकानदाराचं नाव आणि पत्ता घालून, लोक रस्त्यावर जमत असताना, त्याच वस्तीच्या गटात टाकला तर तो फलक झाला. इथपर्यंत मिल सरळ चालतो. पुढं अडचण आहे. लाखो जणांना गेलेला संदेश एकासाठी लेख असतो आणि दुसऱ्यासाठी फलक, आणि पाठवणाऱ्याला समोर कोण आहे हे ठाऊक नसतं. मूळ लिहिणारा, पुढं ढकलणारा आणि तो संदेश चिडलेल्यांसमोर आणणारी कंपनीची अल्गोरिदम यांत जबाबदारी कशी वाटायची, याचं उत्तर मिलकडं नाही. वहीत तिथं रेघ मारा आणि लिहा: "इथपर्यंत मिल, यापुढं माझा युक्तिवाद." ही रेघ कधीही टाळू नका. ती न मारल्यानंच लेखकाच्या तोंडी आपलं मत घातलं जातं.

मग हा निकष दोन्ही बाजूंना लावा. असंतोष पसरवणाऱ्या मताला शिक्षा करणारा कायदा वेळ, जागा आणि लक्ष्य पाहतच नाही. तो वर्तमानपत्रालाही पकडतो, म्हणून मिलच्या कसोटीत नापास. "ते फक्त शब्द होते" असं म्हणणारा दारासमोरचा जमाव विसरतो, म्हणून तोही नापास. आणि सुरुवातीचा इंटरनेट बंदीचा प्रश्न? ती बंदी फलक थांबवते, त्याबरोबर वर्तमानपत्रही थांबवते आणि ज्यांचा या वादाशी संबंधच नाही अशांचे व्यवहारही. अफवेचं खंडन करणारा संदेशही तिच्यातून सुटत नाही. समर्थकाला आता हे दाखवावं लागेल की ठरावीक फलक वेगळे काढणं खरोखरच शक्य नव्हतं.

याच टप्प्यावर मिलच्या तत्त्वातला 'हानी' हा शब्द सर्वाधिक बिघडतो. भावना दुखावणं म्हणजे हानी असं धरलं की मिल कोणत्याही बंदीचा समर्थक बनवता येतो. पण चौथ्या प्रकरणात तो सांगतो की एखाद्याला स्वतःच्या मताविषयी वाटणारी आस्था आणि दुसऱ्याला त्या मताचा येणारा राग यांची तुलनाच होत नाही. उलट टोकाला, कोणी कोणासाठी काही करायला बांधील नाही असंही मिल म्हणत नाही. न्यायालयात साक्ष देणं किंवा एखाद्याचा जीव वाचवणं यांत कसूर केली तर समाज जाब विचारू शकतो, हे पहिल्याच प्रकरणात आहे. आणि हे तत्त्व किंमत नियंत्रणाविरुद्ध वापरणाऱ्यांनी पाचवं प्रकरण उघडावं: व्यापार ही सामाजिक कृती आहे आणि खुल्या व्यापाराचं समर्थन वेगळ्या पायावर उभं आहे, असं तिथं मिलनंच लिहिलंय.

लॉक हातात घेऊन विधेयक वाचणं

लॉक लावायला मिलहून सोपा आहे, कारण अकराव्या प्रकरणात त्यानं विधिमंडळाच्याही मर्यादा मोजून दिल्यात आणि १४२ व्या परिच्छेदात चार मुद्द्यांत गोळा केल्यात: कायदे जाहीर आणि सर्वांना सारखे असावेत, ते लोकहितासाठीच असावेत, संमतीशिवाय कर नको, आणि कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळानं दुसऱ्याच्या हाती देऊ नये. कोणतंही नवं विधेयक मिळवा. "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे" किंवा "सरकारला योग्य वाटेल तेव्हा" अशा प्रत्येक जागेखाली रेघ ओढा. कामकाजाचा तपशील, अर्जाचा नमुना, तारखा नियमांवर सोपवल्या असतील तर बिघडत नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती, परवाना कोणाला नाकारायचा हे नियमांवर सोडलं असेल तर चौथा मुद्दा मोडला. त्याला २२ वा परिच्छेद जोडा. दुसऱ्याच्या चंचल, अज्ञात, मनमानी इच्छेखाली नसणं, हे लॉकच्या दृष्टीनं शासनाखालचं स्वातंत्र्य आहे. अधिकारी आज सज्जन आहे, एवढ्यानं ते मिळत नाही. तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी १९९७ मध्ये हाच धागा दयाळू मालकाच्या गुलामापर्यंत नेला: मालकानं कधी चाबूक उचलला नाही तरी गुलाम गुलामच.

पण लॉकच १६० व्या परिच्छेदात संकटात लोकहितासाठी कायद्याबाहेर, प्रसंगी कायद्याविरुद्धही वागण्याची मुभा राज्यकर्त्याला देतो. आणीबाणीचे समर्थक हा परिच्छेद दाखवतील. तुम्ही १६८ वा दाखवा. त्या अधिकाराचा गैरवापर झाला तर न्याय कोण करणार, असं लॉक तिथं विचारतो आणि पृथ्वीवर असा न्यायाधीश नाही असं उत्तर देतो. आपल्याकडं न्यायालय, विधिमंडळ आणि ठरावीक मुदत आहे. म्हणून आजचा प्रश्न असा लिहा: आदेशावर संपण्याची तारीख आहे का, मुदतवाढ कोण देतो, आणि ज्यानं अधिकार वापरला तोच मुदतवाढ देतोय का?

शेवटी सगळं एका पानावर, तीनशे-चारशे शब्दांत लिहा: प्रश्न, तीन कप्पे, ग्रंथातलं तत्त्व क्रमांकासह, काय सारखं, काय बदललं, रेघ, आणि तुमचा निष्कर्ष. मग पक्षांची नावं बदला. तुमच्या आवडत्या पक्षाचं सरकार आणि नावडत्या पक्षाचा निदर्शक असं होतं, ते उलटं करा आणि पान पुन्हा वाचा. निष्कर्ष पचेनासा झाला तर तत्त्वाच्या जागी निष्ठा बसली होती. ते वाक्य शोधून खोडा.

चार-सहा जणांच्या गटात वाचत असाल तर दर वेळी एकाला पूर्वपक्षाची जबाबदारी द्या, आणि ती त्यालाच द्या ज्याला ते मत सर्वांत कमी पटतं. पुढचं पुस्तकही विरोधकाचंच निवडा. मिलनंतर जेम्स फिट्झजेम्स स्टीफनचा १८७३ चा ग्रंथ, लॉकनंतर ह्यूमचा मूळ करारावरचा १७४८ चा निबंध, आणि आयझाया बर्लिनच्या स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांवरच्या १९५८ च्या व्याख्यानानंतर चार्ल्स टेलर यांचा १९७९ चा लेख. ह्यूमचा निबंध लहान आहे, तो आधी घ्या. तो वाचताना लॉकच्या वहीतलं 'संमती'चं पान शेजारी उघडं ठेवा.